डावा कोपरा

या खटल्यातून कृतिका मोहितेला मिळण्यासारखं बरंच होतं. पहिला फायदा, स्वतःच्या नावाचं वकीलपत्र. आजवर ती आपल्या सिनिअर शीला मॅडमच्या मागून फायली छातीशी धरून चालायची आणि कल्याण कोर्टातले शिपाई तिला ‘शीला मॅडमची मुलगी’ म्हणायचे. मॅडमना ते खपत नसे, कारण त्यांनी लग्नच केलं नव्हतं. दुसरा फायदा, भरल्या कोर्टात उलटतपासणी घ्यायची संधी. आणि तिसरा, आईचं तोंड बंद. अंबरनाथच्या घरात आईने स्थळांचा रतीब लावला होता. ‘एक केस माझ्या नावावर लागू दे, मग बघू’ हा बचाव कृतिका बरेच दिवस करत आली होती. आता केस लागली, म्हणजे तो बचाव गेला. पण मोठ्या फायद्यापुढे एवढी घट चालते असं तिने ठरवून टाकलं.

खर्चाच्या बाजूला तिने काहीच मांडलं नव्हतं. पहिली केस मिळालेली माणसं ती बाजू कोरीच ठेवतात.

ऑगस्टचा चिकट, कंटाळलेला पाऊस होता. लोकांच्या छत्र्या निथळून कोर्टाचा जिना निसरडा झालेला. कृतिका वरून घाईने उतरत होती, फाईल डोळ्यांसमोर धरून. तिसऱ्या पायरीवर टाच सरकली आणि फाईल, छत्री, ती स्वतः अशी सगळीच खाली निघाली — आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं.

पकड घट्ट होती, पण दुखलं नाही. ती सावरली, तसा तो हात सुटलाही. तिने ‘सोडा’ म्हणायच्या आत.

समोर रुंद खांद्यांचा, कान जरा चेपलेला एक तरुण उभा होता. पांढरा शर्ट इस्त्रीचा, पण घालणाऱ्याला इस्त्रीची सवय नसावी.

“पोलिसांत आहात का?” तिने विचारलं.

“नाय मॅडम. पोलिसांनी मला धरलेला. जामिनावर आहे.”

“कशात?”

त्याने पायरीवर पडलेली तिची फाईल उचलून दिली. “माणूस गेला. कबड्डीत.”

पाऊस अचानक जास्त ऐकू यायला लागला. कृतिकाने फाईलवरचं नाव वाचलं... ऋतुराज कुंडलिक केणे. “शीला मॅडमकडे आलात?”

“हो. त्या म्हणाल्या, माझी ज्युनिअर बघेल तुझी केस. हुशार आहे, पण जिन्यावरून खाली बघून चालत नाही.”

“हे शेवटचं त्या म्हणाल्या?”

“शेवटचं मी,” तो म्हणाला. आणि आपण हसलो याचीच लाज वाटल्यासारखा लगेच गंभीर झाला.

त्या लगेच गंभीर होण्यावर कृतिका अर्धी विरघळली. उरलेली अर्धी विरघळायला दोन-तीन तारखा लागल्या.

*

केस अशी होती. जानेवारीत खडवलीला जत्रेचे सामने होते. ऋतुराज डोंबिवली पश्चिमेच्या एका आगरी गावाच्या संघातून डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. आता गावाला चारी बाजूंनी टॉवर आले होते, तरी संघ गावाच्याच नावाने उतरायचा. चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचा, हे डाव्या कोपऱ्याचं काम. समोरून चढाईला आला कमलेश, खडवलीचाच, त्या रेल्वे लाइनीवरचा सगळ्यात चपळ चढाईपटू. ऋतुराजने घोटा धरला, वरून हात गुंफून साखळीत उभी असलेली आणखी तिघं पडली. सगळे उठले. कमलेश उठला नाही. मानेवर पडला होता. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं.

पोलिसांचं म्हणणं, कमलेशचा दम आधीच तुटला होता. ‘कबड्डी कबड्डी’ थांबलं की चढाई संपते, मग पकड ठेवायची नसते. तरी आरोपीने घोटा सोडला नाही. जुनी खुन्नस होती, कारण आदल्या वर्षी ठाण्याला टेंभी नाक्याच्या फायनलला कमलेशमुळे त्याचा संघ हरला होता. निष्काळजीपणाने मृत्यू. पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

“यात बचाव एकच,” शीला मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. “दम चालू होता. चढाई जिवंत होती. खेळात उतरलेल्या माणसाने खेळातली इजा कबूल केलेली असते. बस. आणि हे बघ कृतिका, अशिलाला ‘खरं काय झालं’ असं कधी विचारायचं नाही.”

“का?”

“विचारलं की तो सांगतो. मग आपल्याला कळतं. आणि कळलं की वकिलाची झोप जाते, अशिलाची नाही.”

“आणि मॅडम, अशील आवडायला लागला तर?” हे कृतिकाने अर्थातच विचारलं नाही. पण मॅडमनी चष्मा लावून तिच्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं, “आणि अशिलाबरोबर चहा प्यायचा तर बिल शक्यतो वेगळं करायचं.”

चहा कोर्टाबाहेरच्या टपरीवर व्हायचा. तारीख सकाळी अकराची असली तरी पुकारा दुपारी व्हायचा, आणि मधला वेळ कुणाच्या बापाचा नव्हता. ऋतुराज आलं किसून घातलेला चहा मागायचा आणि कपाचा कान तिच्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे तिचं बोट भाजू नये. असल्या गोष्टी कृतिका बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

“तुमचे पप्पा काय करतात?” त्याने एकदा विचारलं.

“रिटायर झाले. डिफेन्समध्ये होते. अंबरनाथच्या फॅक्टरीत.”

“मग घरी बंदूक असेल.”

“घरी स्टीलचे डबे आहेत. ते पॅकिंगला होते.”

“म्हणजे पप्पा डिफेन्सला, तुम्ही डिफेन्सच्या वकील, मी पण डिफेन्सलाच.” त्याने कपातल्या चहाकडे बघत हिशेब मांडला. “सगळी मागेच उभी. मग चढाई कोण करणार?”

“तू कर की,” कृतिका बोलून गेली. आणि मग तिला त्या ‘तू’चा चटका चहापेक्षा जास्त लागला.

तो हसला नाही. फक्त त्याचा चेपलेला कान लाल झाला. “मी कोपऱ्यातला आहे मॅडम,” तो हळू म्हणाला. “मी थांबतो. समोरचा जवळ येईपर्यंत... हलत नाय.”

“आणि आला जवळ की?”

“मग सोडत नाय.”

बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते समजलं असावं. दोघांच्या मधे, टपरीच्या बाकावर, कमलेश येऊन बसला. पुढचा चहा कुणी प्यायला नाही.

कोर्टात आणखी एक बाई प्रत्येक तारखेला यायची. निशा, कमलेशची बायको. साक्षीदारांच्या यादीत ती नव्हती, तिला कुणी बोलावलेलं नसायचं. खडवलीहून यायची, मागच्या बाकावर बसायची, पुढची तारीख ऐकायची, जायची. रडायची नाही. एकदा पाण्याच्या नळाशी तिने कृतिकाला गाठलं.

“मॅडम, एक विचारू? मला शिक्षा-बिक्षा नको. त्याला आत टाकून माझा माणूस काय येणार नाय. फक्त तुमच्या माणसाला विचारा ना... शेवटी कमलेश काय बोलला का? सगळे सांगतात, लाऊडस्पीकर चालू होता, काय ऐकू आलं नाय. पण हा तर पायाशीच होता ना.”

‘तुमच्या माणसाला’ हे शब्द तिने सहज वापरले होते. कृतिकाला मात्र ते नको तिथे लागले.

“केस चालू आहे,” ती म्हणाली. “मला यावर काही बोलता येणार नाही.”

“बरं,” निशा म्हणाली. “नंतर सांगा.” आणि बाटली भरून बाकावर जाऊन बसली.

*

सामन्याच्या पंचाची उलटतपासणी जवळ आली, तसं कृतिकाला खेळ शिकणं भाग होतं. पुस्तकातला नियम आणि मातीतला नियम वेगळा असतो, असं ऋतुराजचं म्हणणं. म्हणून एका संध्याकाळी ती डोंबिवलीत त्याच्या गावाच्या मैदानावर गेली. देवळामागे मऊ मातीचं मैदान, त्यापलीकडे खाडी, खाडीवरून येणारा चिखलाचा आणि मिठाचा वास. एका बाजूला गावच्या मुलींचा सराव चालला होता. ऋतुराजचे वडील, कुंडलिक, देवळाच्या कट्ट्यावर बसले होते. एके काळी या माणसाने मिठागरात घमेली वाहिली होती. आता जागेवर तीन मजली घर होतं, पण टाचांच्या भेगा जुन्याच होत्या.

“वकीलबाय,” ते म्हणाले, “आमचे पोराला सोरव. बँकेचे संघान नोकरी लागतेय त्याला. केस हाय म्हणून कागद अरकलाय. सोरव पोरी त्याला.”

आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो हे कृतिकाला ठाऊक होतं; म्हाताऱ्याचे जोडलेले हात तिने धरून खाली केले. “बघते काका,” एवढंच म्हणाली आणि ओढणी कमरेला बांधून मैदानात उतरली.

“एका दमात,” ऋतुराजने सांगितलं. “रेषेपासून सुरू. थांबलीस की संपलं.” तोही आता ‘तू’वर आला होता, आणि दोघांनी त्याची नोंद न घेण्याचं ठरवलं होतं.

कृतिकाने ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत रेषा ओलांडली. पलीकडच्या मुली खेळ थांबवून बघायला लागल्या. ती उजवीकडे गेली, डावीकडे वळली, त्याला शिवायला हात लांब केला. तो हललाच नाही. डाव्या कोपऱ्यात गुडघे वाकवून, डोळे तिच्या पावलांवर. वकिलीत अशी नजर तिने पाहिली नव्हती. मग तिने जरा धीटपणाने पाय पुढे टाकला, आणि तो पाय तिचा राहिला नाही.

घोट्याभोवती त्याचे दोन्ही हात होते. ती मातीत हातांवर पडली. हसू येत होतं, तरी तोंड चालू ठेवलं. कबड्डी, कबड्डी, रेषा दोन हातांवर होती... छातीतली हवा संपली. पण पोरगी वकील होती. आवाज गेला तरी ओठ हलवत राहिली.

त्याने घोटा सोडला.

“का सोडलास?” ती धापा टाकत म्हणाली. “मी म्हणत होते.”

“ओठ म्हणत होते. दम गेलेला.”

“पंचाला कळलं नसतं.”

“पंच लांब असतो ना.” तो तिच्या शेजारी मातीत बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही ओझं नव्हतं. “पण कोपऱ्यातल्याला कळतं. कानाने नाय. दम तुटला की माणसाचा पाय सैल पडतो... घोट्यातून कळतं. लाऊडस्पीकर लावा, बँजो लावा, कळतंच.”

कृतिका हसत होती. केसांत माती होती, संध्याकाळ खाडीवर तांबडी झाली होती, आणि तिच्या घोट्यावर त्याच्या बोटांची ऊब अजून होती. मुलीच्या आयुष्यात अशा संध्याकाळी फार येत नाहीत. तिने ती तशीच राहू द्यायला हवी होती.

“नेहमी कळतं?” तिने विचारलं.

“नेहमी.”

शब्द त्याच्या तोंडून गेला, आणि दोघांनी एकाच वेळी तो ऐकला.

मुली परत खेळायला लागल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. कृतिका उठून बसली, ओढणी सोडली, झटकली. बराच वेळ झटकत राहिली.

“तुटला होता,” ऋतुराज म्हणाला. त्याने विचारायची वाट पाहिली नाही. “खडवलीला. मला कळलेलं. टेंभी नाक्याच्या फायनलला काय केलेलं त्याने, माहितीय? असाच घोट्यात होता. दम गेल्यासारखं केलं, आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. आमच्याकडे दोनदा थोपटलं म्हणजे, बस, सोड. पंच बघो न बघो. आमच्या बाबांच्या वेळेपासून असंय. त्यावर कुणी खोटं खेळत नाय. मी सोडला. आणि हा उठून रेषेला हात लावून आला. पॉइंट दिला पंचांनी. वर्षभर गावात मला पोरं पाठीवर थोपटून दाखवायची.”

“आणि खडवलीला?”

“खडवलीला पण दोनदाच थोपटलं,” तो म्हणाला. “मला वाटलं, परत तेच. मी म्हटलं, आता नाय. वरून ही तिघं आली. मी सोडलं असतं, तर तो कुशीवर गेला असता.”

खाडीवर अंधार उतरत होता. दूर एका टॉवरमधे दिवे लागायला सुरुवात झाली.

“हे तू मला सांगायला नको होतंस,” कृतिका म्हणाली.

“तू विचारलंस.”

“मी डाव शिकत होते.”

“तेच ना,” तो म्हणाला. “मी पण तेच शिकवत होतो. जज साहेब मला शेवटी विचारतील ना, तुझं काय म्हणणं आहे? तेव्हा मी सांगणार. निशावहिनी दर तारखेला येतात. त्यांच्याकडे बघवत नाय मला.”

इथे कृतिकाला निवड होती. चांगल्या मुलीची आणि चांगल्या वकिलाची वाट इथे फुटते, असं एखाद्याला वाटेल. तसं काही नव्हतं. प्रेमात पडलेल्या मुलीची आणि वकिलाची वाट एकच निघाली, म्हणून तर ती चटकन चालून गेली.

“सांगून काय होईल?” ती म्हणाली. “तू आत जाशील. नोकरी जाईल. काका त्या कट्ट्यावर बसून संपतील. कमलेश येणार नाही.”

“माहितीय.”

“खून केला नाहीस तू. फसलेला माणूस दुसऱ्यांदा सावध झाला, एवढंच. पण कोर्टात हे सांगता येत नाही, ऋतुराज. कोर्ट म्हणणार, दम तुटलेला कळला होता, तरी धरून ठेवलं. मधलं सगळं गळून जातं.”

“जाऊ दे. खरं तर खरं.”

“आणि मी?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे वळून बघितलं.

“मी काय करायचं? दर महिन्याला जेलच्या बाहेर रांगेत उभं राहायचं? आईला काय सांगायचं, ज्याच्यासाठी सगळी स्थळं परत पाठवली तो...” तिचा आवाज चिरकला, आणि ते चिरकणं खरं होतं. “माझ्यासाठी गप्प बस. एवढं एक माझ्यासाठी.”

कृतिकाने प्रेमाची कबुली दिली ती अशी, अशिलाला गप्प बसवायला. कबुली खोटी नव्हती. पण कामाला लावलेली होती, आणि पुढे ती कधी नुसती कबुली राहू शकली नाही.

ऋतुराजने तिच्या हातावर हात ठेवला. मातीने खरखरीत झालेला, जड. “बरं,” तो म्हणाला.

*

पंचाची उलटतपासणी सुंदर झाली. बार रूममधे दोन दिवस तिचं नाव निघत होतं.

“तुम्ही कुठे उभे होतात?”

“मध्यरेषेजवळ.”

“पकड कुठे झाली?”

“मागे... डाव्या कोपऱ्यात.”

“लाऊडस्पीकरवर समालोचन चालू होतं?”

“होतं.”

“मयताचा दम तुटल्याचा आवाज तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकला?”

पंच चुळबुळला. “ऐकला असं नाही... वाटलं.”

“वाटलं,” कृतिका म्हणाली, आणि ते लिहून होईपर्यंत थांबली. “मग दम चालू नव्हता असं तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही?”

“नाही.”

मागच्या बाकावर निशा पुढे झुकून ऐकत होती. कृतिकाने तिकडे बघितलं नाही. शीला मॅडमनी बघितलं, आणि मग कृतिकाकडे, आणि चष्मा काढून उगाच पुसला.

मग आरोपीच्या जबाबाची तारीख. जज साहेबांनी एकेक मुद्दा वाचून दाखवला. साक्षीदार म्हणतात, मयताचा दम तुटल्यावरही तुम्ही पकड सोडली नाही. यावर तुमचं काय म्हणणं आहे?

ऋतुराज पिंजऱ्यात उभा होता, गुडघे किंचित वाकलेले, हात मोकळे. मैदानावर उभा राहायचा तसा. त्याने वर बघितलं. कृतिकाने श्वास धरला आणि सोडला नाही.

“खोटं आहे,” तो म्हणाला.

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही साहेब.”

त्या दिवशी टपरीवर त्याने दोन चहा सांगितले. तिच्याकडे कपाचा कान वळवायला विसरला. तिचं बोट भाजलं, आणि तिने सांगितलं नाही.

मधल्या दिवसांत ती दोघं भेटत होती. ठाण्यात उपवनच्या तलावाकाठी बसली, भुट्टा खाल्ला, लग्नानंतर कुठे राहायचं यावर लटकं भांडली. तिचं म्हणणं ठाणे, त्याचं म्हणणं डोंबिवली. “ठाण्यात मैदानं नाय राहिली,” तो म्हणायचा. सगळं ठीक होतं. फक्त तिने हातात हात घेतला की तो क्षणभराने सोडवून घ्यायचा. रागाने नाही. जिन्यावर सोडला होता तसा, तिने काही म्हणायच्या आत. आणि तिला कधी खोकला आला, श्वास अडकला, तर त्याचा चेहरा एवढा पांढरा पडायचा की ती खोकला गिळायला शिकली.

“मला बघितलं की तुला तो आठवतो का रे?” तिने एकदा थेट विचारलं.

“नाय.” तो भुट्ट्याचे दाणे सोलत राहिला. “तो आठवायला तू लागत नाय. तू दिसलीस की... ‘खोटं आहे’ म्हणालो ते आठवतं.”

ती यावर खूप काही बोलू शकली असती. बाजू मांडणं हा तिचा धंदाच होता. आई नेहमी म्हणायची, पोरगी नुसती स्वतःची बाजू मांडते. त्या संध्याकाळी पोरीला स्वतःची बाजू सापडली नाही.

*

निकाल हिवाळ्यात लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. कुंडलिक केणे कोर्टाच्या दारात खाली बसले आणि फरशीला हात लावून कपाळाला लावला. मग कृतिकाच्या पायाकडे वाकायला लागले, तिने वरच्या वर धरलं.

गर्दी पांगली. जिन्याच्या वरच्या टोकाला ती दोघं होती, आणि निशा. ती तिथेच थांबली होती, खांद्याला पिशवी, कुणाचाही रस्ता न अडवता.

“दादा,” ती ऋतुराजला म्हणाली, “आता संपलं ना सगळं. आता तरी सांगा. शेवटी काय बोलला का तो? काय खूण केली का? मला कुणाला सांगायचं नाय. मला फक्त... त्याला समजलं होतं का, एवढंच बघायचंय. सगळे म्हणतात पटकन गेला, काय कळलंच नाय त्याला. पण मला झोप येत नाय.”

ऋतुराजचे ओठ उघडले. त्याने कृतिकाकडे बघितलं.

सरकार वरच्या कोर्टात अपील करू शकतं. समोरची बाई उद्या साक्ष देऊ शकते. बँकेचा कागद अजून हातात पडलेला नाही. हे सगळं कृतिकाच्या डोक्यातून गेलं, आणि डोकं आपणहून हललं. डावीकडून उजवीकडे, इतकं थोडं की निशाला दिसलंही नसेल.

“नाही वहिनी,” ऋतुराज म्हणाला. “काय नाय बोलला. काय खूण नाय केली. झटक्यात झालं सगळं.”

निशाने मान डोलावली. “बरं झालं,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. एकेक पायरी, कठड्याला धरून.

ती दिसेनाशी झाली तेव्हा कृतिकाने त्याला मिठी मारली. भर कोर्टात, काळ्या कोटात, वकिलाने असं करायचं नसतं. तिला पर्वा नव्हती. तिने त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कारण तो जातोय हे तिला कळत होतं, घोट्यातून कळावं तसं. तो तसाच उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या कानाशी होता, हळू, नेमका.

मग त्याने तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

क्षणभर तिला वाटलं, लाडाने थोपटलं असेल. दुसरा कुणी असता तर तसंच असतं. तिसऱ्यांदा हात पडेल म्हणून ती थांबली. पडला नाही.

तिने सोडलं.

“जपून उतर,” तो म्हणाला. “खाली बघून.”

आता कुणाच्या वाट्याला काय आलं ते बघायचं तर, कृतिकाला हवं होतं ते सगळं मिळालं. कल्याणच्या कोर्टासमोर दाराला पाटी आहे, अॅड. कृतिका मोहिते, आणि फौजदारी बचावासाठी लोक तिचं नाव सुचवतात. आई आता स्थळं दाखवत नाही; पोरगी उत्तरच देत नाही, म्हणून कंटाळली. ऋतुराजला नोकरी लागली. बँकेच्या संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहतो, पण संघातली पोरं कुरकुरतात की याची पकड ढिली झाली, चढाईवाल्याने नुसता श्वास घेतला तरी हा सोडून देतो. कमलेशने त्याचं होतं-नव्हतं ते खडवलीच्या मातीतच देऊन टाकलं होतं.

आणि निशा. बचाव ऋतुराजचा झाला, वकिली कृतिकाची झाली, निकाल सरकारच्या विरुद्ध गेला. निशा या खटल्यात कुणीच नव्हती. खडवलीला ती आता लोकांना सांगते, माझ्या माणसाला काही कळलंच नाही, पायाशी होता त्यानेच सांगितलंय. तिच्या माणसाने शेवटी दोनदा थोपटून ‘सोड’ म्हटलं होतं, आणि ते पोचलंही होतं. कमलेशचं हे एवढंच तिच्यासाठी मागे राहिलं होतं. बाकी सगळ्यांचं भागलं ते त्यातून, तिला ते न देता.